पाइनची आंघोळ

आमचे कारभारी झाडांना डोक्यावरून आंघोळ घालायचे. हसू नका. नावच त्यांचं कारभारी, त्यामुळं नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून मला कुणी कधी बोललं नाय.

वाळूजच्या ज्या माळावर आमची मेंढरं चरायची, तिथं कारखाने उठले. चराई बंद झाली, मेंढरं विकली आणि त्याच माळावरच्या एका कंपनीत कारभारी माळी म्हणून लागले. गेटाशेजारी ऱ्हायला खोली मिळाली. मालकानं कुठल्यातरी थंड मुलखातनं पाच पाइनची झाडं आणवली, माणसाएवढी, पानं म्हणजे नुसत्या सुया. म्हणाला, "होळीला परदेशी पाहुणे येणार आहेत. तोवर ही हिरवी ठेव, तुला कायम करतो. वाळली तर दुसरा माळी बघू, आणि खोलीही त्यालाच देऊ." झालं. आमचा सगळा संसार त्या झाडांवर टांगला.

थंडी पडली. शेजारच्या कारखान्याची पांढरी भुकटी उडून झाडांवर बसायची. कारभारींना मळकं मेंढरू कधी खपलं नाय, झाड कसं खपावं? शहागंजातनं लांब पाइप आणला आणि रोज दिवस कलला की शेंड्यापासनं बुडापर्यंत एकेकाला धुवायचे. सकाळी मी झाडायला गेले तरी सुया ओल्याच असायच्या. मग त्या पिवळ्या पडल्या, तपकिरी झाल्या आणि गळाया लागल्या.

"आवं, हे काय बरं लक्षण दिसत नाय," मी म्हणलं.

"तुला काय कळतं? कातरायच्या आधी मेंढरू धुतो का नाय आपण? जुनी लोकर गेल्याबिगर नवी येईल व्हय?" असं म्हणून त्यांनी पडलेल्या सुया मुठीत घेतल्या आणि हसले. मेंढरं विकल्यापास्नं हा माणूस हसला नव्हता. म्हणून मी गप बसले. सुया जेवढ्या जास्त गळायच्या, तेवढी आंघोळ वाढायची.

दोन झाडांच्या नुसत्या काटक्या उरल्या तेव्हा त्यांचं हसू गेलं. मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, "मला झाडं हिरवी पाहिजेत, कारणं नकोत."

गेटावरचा वॉचमन फकिरा आम्हाला घरच्यासारखा. विद्यापीठात झाडांचं शिकवणारे एक सर त्याच्या ओळखीचे होते. "संक्रांत होऊ द्या वैनी, सरांना घेऊनच येतो," म्हणाला. संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. त्या नावासाठी फकिराचा थोरला भाऊ तुरुंगात जाऊन आला होता. फकिरानं आम्हाला पेढे दिले आणि तिथंच रडला. पण ज्यांना ते नाव खपलं नाय, त्यांची लगेच गावोगाव डोकी फिरली. एस्ट्या बंद, नाक्यानाक्याला पोलीस. फकिराच्या बहिणीचं घर पेटवलं म्हणून निरोप आला, तसा तो चालतच तिकडं निघाला.

तिकडं त्याच्या बहिणीचा संसार जळालेला आणि इकडं मी झाडांपायी त्याची वाट बघत बसलेली. लाज वाटायची मला माझी, तरी वाट बघायचीच.

फकिरा आला तो निम्मा होऊन आला. पण विसरला नव्हता, सरांना बरोबर आणलं होतं. तवर चार झाडं गेली होती. सरांनी पाचव्याची एक सुई तोडून तिच्यावरचे काळे ठिपके दाखवले. "बुरशी आहे. थंडीत रात्रभर पानं ओली राहिली की धरते. वरून पाणी घालू नका. सकाळी फक्त बुडाशी घाला. हे कोरडं राहिलं तर वाचेल."

"म्हंजे, मीच मारली?" कारभारींनी विचारलं.

फकिरानं कारभारींच्या पाठीवर हात ठेवला.

त्या दिवसापास्नं पाइप गुंडाळून ठेवला. भुकटी पुसायची तर कोरड्या फडक्यानं, एकेक फांदी हातात धरून. शेंड्याला हिरवा कोंब फुटला तेव्हा कारभारींनी मला हात धरून तिथं नेलं. होळी जवळ आली होती. मला वाटलं, चला, एकावर तरी निभावेल.

आणि एका दुपारी वेरूळच्या बाजूनं आभाळ काळं झालं. अवकाळी. गार वारा सुटला आणि टपटप सुरू झालं. कारभारी खोलीत पळाले, आमच्याच मेंढरांच्या लोकरीची घोंगडी घेऊन आले. मला म्हणाले, "राजे, धर ते टोक." आम्ही दोघांनी ती झाडावर ताणून धरली. फकिरा गेटावरची छत्री घेऊन आला. आधी घोंगडीनं पाणी पिलं, मग जड झाली, मग मधोमध गळाया लागली, नेमकी त्या कोंबावर. छत्री तर वाऱ्यानं उलटीच झाली.

कारभारींनी घोंगडी सोडून झाडालाच कवटाळलं. "वरून पाणी नको म्हणले होते सर," ते म्हणाले. मग परत तेच म्हणाले.

कुणाला सांगत होते, देव जाणे. मी माझं टोक धरून उभी राह्यले, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं.