झाकलेलं भांडं

करोनाच्या वॉर्डात सगळ्यांचे डोळे पेशंटच्या बोटाला लावलेल्या त्या चिमट्यावर. ऑक्सिजनचा आकडा पंच्याण्णवच्या वर गेला की डॉक्टर खूश, सिस्टर खूश, घरचे तर फोनवर रडून मोकळे. पोटाची चौकशी व्हायची ती उभ्याउभ्या. "किती वेळा झाली?" पेशंट सांगेल तो आकडा कागदावर. खरं काय ते एकट्या मावशीला ठाऊक, कारण शौचाची भांडी तीच उचलायची. पण तिला कोण विचारतो?

सात नंबरचे काका घड्याळं दुरुस्त करणारे. माणूस टापटिपीचा, तापातही केस विंचरून बसणारा. वयानं मावशीच्या वडलांएवढे, पण तेही तिला मावशीच म्हणत. सिस्टरला ते सांगत, "एकदाच झाली." झालेली असायची पाच वेळा. मावशीनं डोळे वटारले की हात जोडत.

"बोलू नका हो. शुक्रवारी घरी सोडतो म्हणालेत. बायको एकटी आहे, तिला धड दिसतही नाही. पोटाचं काढलं तर आणखी आठ दिवस ठेवून घेतील."

मावशीनं शब्द दिला. तिला त्यांची दया आली, दुसरं काय.

वॉर्डाचा नियम असा, की भांड्यावर लगेच झाकण, मग ब्लीचिंगचं पाणी, आणि ओतून मोकळं व्हायचं. आत बघत बसायचं नाही. बुधवारी मावशीनं तरीही बघितलं होतं. काळं होतं, डांबरासारखं. तिच्या वहिनीला बाळंतपणाआधी लोहाच्या गोळ्या चालू होत्या, तेव्हा अशीच काळी व्हायची. काकांनाही त्याच गोळ्या असणार, असं तिनं परस्पर ठरवलं आणि पाणी ओतलं. वीस वर्षं वॉर्डात काढली की माणूस अर्धा डॉक्टर होतो, आणि त्या अर्ध्याचाच धोका जास्त.

शुक्रवारी सकाळी काका चपला घालायला वाकले आणि पलंगाची दांडी धरून तसेच थांबले. ओठ पांढरेफटक. चिमटा मात्र सत्त्याण्णव दाखवत होता.

"अशक्तपणा आहे, होतं असं," सिस्टर म्हणाली.

मावशी पुढं झाली. "सिस्टर, सातला लोहाच्या गोळ्या आहेत ना?"

"लोहाच्या? छे. गुठळ्या होऊ नयेत म्हणून रक्त पातळ करायची इंजेक्शनं आहेत त्यांना."

मावशीच्या एका हातात काकांचं झाकलेलं भांडं होतं, दुसऱ्या हातात ब्लीचिंगची बाटली. तिनं बाटली खाली ठेवली. डॉक्टरीणबाई तीन नंबरपाशी होत्या. त्यांच्यासमोर जाऊन तिनं झाकण उचललं.

बाईंनी एकदाच पाहिलं. "इंजेक्शन थांबवा. पोटात रक्तस्राव होतोय. रक्ताची एक पिशवी मागवा."

"मावशी, तुम्ही शब्द दिला होता," काका हळूच म्हणाले.

"दिला होता, काका."

डॉक्टरीणबाई कागदावर लिहीत होत्या. "बरं झालं दाखवलंत. आजच दिसलं ना हे?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. आधीची भांडी कधीच गटारात गेली होती, आणि मावशीची नोकरी महिन्यामहिन्याच्या बोलीवर होती. तिला घाम फुटला, किटच्या आत तो पुसताही येईना.

"नाही. बुधवारपासून," ती म्हणाली. "दहा-बारा भांडी असतील. मीच धुऊन टाकली."

लिहिणारा हात थांबला. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, पण बोलल्या त्या सिस्टरशी. "तीन पिशव्या मागवा. आणि दुर्बीण टाकणाऱ्या डॉक्टरांना म्हणावं आत्ताच या."

सिस्टर धावली. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी न वळताच फोन मागे धरला.

"तुम्हीच सांगा तिला. माझ्यानं नाही होणार."

मावशीनं दुहेरी हातमोज्यांतून कसाबसा त्यांच्या घरचा नंबर लावला. पहिल्या घंटीलाच फोन उचलला गेला.

"निघालात का हो?" पलीकडून आवाज आला. "मी दाराशीच बसलेय."