बिचारी कंपनी

भिंगकाका दिवसातून शंभर वेळा एकच प्रश्न विचारत. समोर गिऱ्हाईक बसलेलं, नाकावर तपासणीची जड गोल फ्रेम, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. काका फ्रेमच्या खाचेतलं एक भिंग काढून दुसरं सरकवत आणि विचारत, "हे बरं, की आधीचं?" लोक हमखास गोंधळत. "परत एकदा दाखवा बघू," म्हणत. काका परत दाखवत, मग आणखी एकदा. त्यांच्या चष्म्याच्या दुकानात घाई कशाशी खातात हे कुणाला माहीत नव्हतं. पण मोबाइलची कंपनी बदलायची की आहे तीच ठेवायची, हा साधा प्रश्न लेकीने त्यांना तीन वर्षांपूर्वी विचारला होता, आणि ते घोंगडं अजून भिजतच पडलं होतं.

लेक परगावी राहायची, रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. तब्येत, जेवण, गुडघा असं सगळं विचारून झालं की गाडी हटकून तिथे यायची.

"बाबा, बदललीत का कंपनी?"

"बघतो. जरा चौकशी करतोय."

"तीन वर्षं कसली चौकशी? मुलगी द्यायचीय का त्यांच्या घरात? त्या कंपनीचं नाव ऐकलं तरी माझं डोकं फिरतं. त्या दिवशी फोन लागला असता तर..."

वाक्य तिथेच थांबायचं. मग काका म्हणत, "हॅलो? हॅलो? आवाज येत नाहीये गं," आणि फोन ठेवून देत. आवाज व्यवस्थित येत असे.

खरी गोष्ट अशी होती की त्या दिवशी फोन लागला नाही कारण काकांनी तो लावलाच नव्हता.

तीन वर्षांपूर्वीची ती सकाळ. बायको महिनाभर अंथरुणाला खिळलेली, पण त्या सकाळी तिचा चेहरा कसा निवळलेला होता. खिडकीतून ऊन तिच्या पांघरुणावर आलं होतं. ती म्हणाली, "अहो, लेकीला फोन लावा ना जरा." काकांनी फोन हातात घेतला. आणि त्यांच्या मनात आलं, एरवी संध्याकाळी बोलणारी ही बाई आज सकाळीच का म्हणतेय? लेकीला आता फोन लावायचा म्हणजे ये म्हणून सांगायचं, आणि ये म्हणायचं म्हणजे आता काही खरं नाही हे आपल्याच तोंडाने कबूल करायचं. त्यांना ते जिवावर आलं. त्यांनी फोन नुसताच कानाला लावला, नंबर न दाबताच, आणि म्हणाले, "लागत नाहीये. नेटवर्क नाही." ती म्हणाली, "मग थोड्या वेळाने लावा." थोड्या वेळाने तिने परत विचारलं. काका परत तेच म्हणाले. मग त्यांनी फोन कपाटात, घडी घातलेल्या चादरींच्या खाली ठेवला आणि कपाटाचं दार लावून घेतलं. दुपारी दोनच्या सुमाराला ती गेली.

शेजाऱ्यांच्या फोनवरून निरोप मिळून लेक दुसऱ्या दिवशी पोहोचली तेव्हा दारातच काका म्हणाले, "खूप फोन लावले गं, लागतच नव्हता." एवढं एकच वाक्य. त्या दिवसापासून सगळं खापर कंपनीच्या डोक्यावर फुटलं. लेकीने तिचा उद्धार केला, पाहुण्यांनी केला, शेजारच्या इस्त्रीवाल्याने तर सगळ्या गल्लीत बोंब ठोकली. आणि काका खाली मान घालून गप्प बसले.

तेव्हापासून काकांना त्या कंपनीची दया यायला लागली. हे कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते काउंटरमागे बसून कंपनीचाच विचार करत. भिंगं पुसून उन्हात वाळत ठेवलेली असत आणि त्यांच्यातून निघालेले उजेडाचे गोल ठिपके भिंतीवरून हळूहळू सरकत असत, आधी तक्त्यावर, मग घड्याळावर, मग छतावर. त्या ठिपक्यांकडे बघता बघता काकांना कंपनी दिसायची. एक सडपातळ, वयस्क, गरीब स्वभावाची बाई. कुठल्यातरी लांबच्या खोलीत बसलेली. सगळ्या गावाचे आवाज तिच्या ओंजळीतून जातायत, रुसवे, निरोप, बाळांचे हुंकार, आणि ती एकही न सांडता पुढे देतेय. तिला कुणीतरी सांगतं, त्या चष्मेवाल्याने तुझ्यावर आळ घेतलाय हो. ती म्हणते, असू दे, दुःखात आहे माणूस. काकांना अशा वेळी डोळे पुसावे लागत, आणि चष्म्याच्या दुकानात डोळे पुसणाऱ्याकडे कुणी फारसं बघत नाही.

अशा बाईला सोडून दुसरीकडे जायचं म्हणजे काय? आधी खोटा आळ आणि वर पाठ फिरवायची? आणि समजा गेलो, तर लेक म्हणणार, बरं झालं, सुटलो एकदाचे त्या मेल्यांच्या हातून. म्हणजे त्या खोट्यावर कायमचा शिक्काच. बरं, न जावं तर दर रविवारी तोच प्रश्न. हे बरं, की आधीचं? काकांना दोन्ही भिंगांतून सारखंच धूसर दिसत होतं.

या रविवारी मात्र लेकीने निर्वाणीचं सांगितलं. "बाबा, पुढच्या महिन्यात माझं ऑपरेशन आहे. छोटंसंच आहे, घाबरू नका. पण मला तुमचा फोन लागायला हवा. या आठवड्यात कंपनी बदला, नाहीतर मी स्वतः येऊन बदलेन." ऑपरेशनचं नाव ऐकून काकांना वाटलेली भीती वेगळी होती आणि पोरीने आपल्या खोट्यावर विश्वास ठेवून फोन न लागण्याची भीती बाळगावी, याची लाज वेगळी होती. ते म्हणाले, "उद्याच जातो."

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी ते निघाले. शेजारचा इस्त्रीवाला बरोबर यायला निघाला होता, कारण नव्या कंपनीचा तो बिनपगारी प्रचारक होता. "काका, नव्या कंपनीत तळघरातून बोला, लिफ्टमधून बोला, एक शब्द गळत नाही. बायको तर म्हणते, आता तुम्हाला ऐकू आलं नाही म्हणायची सोयच उरली नाही." त्याच्या गरम इस्त्रीखाली कुणाचीतरी विजार वाट बघत होती म्हणून तो मागे राहिला, तेवढं बरं झालं.

सिमकार्डच्या दुकानातली बाई हसतमुख होती. काकांनीच तिला चष्मा करून दिला होता. तिने समजावून सांगितलं, "नंबर हाच राहणार, काका. फक्त जुन्या कंपनीला एक मेसेज पाठवायचा, की आम्ही सोडतोय. ते कोड पाठवतील. तो घेऊन या, पाच मिनिटांचं काम. पण एक सांगते. त्यांचा फोन येईल. गोड बोलतील, जाऊ नका म्हणतील. विरघळू नका."

"काय विचारतात?"

"कारण विचारतात. नेटवर्क खराब म्हणून ठोकून द्यायचं. सगळे तेच सांगतात."

तिने तिथल्या तिथे काकांच्या फोनवरून मेसेज पाठवून दिला. काका दुकानात परत आले तेव्हा त्यांना स्वप्नात चालल्यासारखं वाटत होतं. पहिल्यांदा चष्मा लावून जाणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, "दोन दिवस जमीन खाली गेल्यासारखी वाटेल, पाऊल जपून टाका." आज त्यांचंच पाऊल उंबऱ्यावर अडखळलं.

फोन दुपारी आला. उजेडाचे ठिपके नुकतेच घड्याळापर्यंत चढले होते.

"नमस्कार सर. मी आपल्या मोबाइल कंपनीकडून बोलतेय." एका तरुण मुलीचा आवाज. इतका स्वच्छ, की जणू ती काउंटरच्या पलीकडे बसली असावी. "आपण एकोणीस वर्षं आमच्याबरोबर आहात, सर. आपण आम्हाला सोडून जाताय असं दिसतंय. आमचं काही चुकलं का?"

काकांनी काहीतरी ठोकून द्यायला तोंड उघडलं. पण तो प्रश्न कानातच राहिला. आमचं काही चुकलं का. तीन वर्षं ज्या बाईची ते मनातल्या मनात माफी मागत होते, तिने शेवटी स्वतःहून फोन करून विचारलं होतं, आणि तेही इतकं साधेपणाने.

"नाही हो बाळ," काका म्हणाले. "तुमचं काही चुकलेलं नाही."

"मग नेटवर्कचा त्रास आहे का, सर?"

"नाही. नेटवर्क कधीच वाईट नव्हतं. मी तुमच्यावर आळ घेतला. माझी बायको गेली त्या दिवशी. फोन लागत नाही म्हणालो, आणि लावलाच नव्हता."

पलीकडच्या मुलीच्या कागदावर याचं उत्तर लिहिलेलं नसावं. मग ती हळूच म्हणाली, "सर, मी कारण काय नोंदवू?"

"नोंदवू नका. मी कुठे जात नाही. आणि माफ करा मला."

"आमची काही तक्रार नाही, सर," मुलगी म्हणाली. क्षणभर थांबून तिने विचारलं, "ज्यांना फोन लावायचा होता, त्यांना सांगितलंत का?"

काकांनी फोन ठेवला तो लगेच परत उचलायला. आता थांबलं तर पुन्हा तीन वर्षं जातील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुकानाचं दार त्यांनी आतून ओढून घेतलं. लेकीने दुसऱ्या रिंगला फोन घेतला.

"बाबा? सोमवारी? बदलली का कंपनी?"

"नाही बदलली. ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला जमणार नाही. त्या दिवशी फोन लागत होता. मीच लावला नाही. तुला ये म्हणालो असतो तर ते खरं झालं असतं, म्हणून लावला नाही. आणि तुला खोटं सांगितलं."

पलीकडे काहीच आवाज नाही. काकांनी सवयीने फोन कानापासून दूर धरून बघितला. कोपऱ्यातल्या रेघा सगळ्या भरलेल्या होत्या. हॅलो, हॅलो म्हणायची जबर इच्छा त्यांनी गिळून टाकली.

"मला माहीत आहे, बाबा," लेक म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"त्या दिवशी बारा वाजता मीच तुम्हाला फोन केला होता. पूर्ण रिंग वाजली. नेटवर्क नसतं तर रिंग कशी वाजली असती?"

तिच्या त्या न उचललेल्या फोनची नोंद काकांनी त्या संध्याकाळी चादरींखालून फोन काढल्यावर बघितली होती. तिच्या लक्षात नसेल, अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी ती पुसून टाकली होती.

"मग तीन वर्षं कंपनीला शिव्या का देत होतीस?"

"कुणाला तरी द्यायच्या होत्या ना. कंपनीला दिल्या की तुमचा राग यायचा नाही. आणि कंपनी बदलली असती तर तुम्हाला लागत नाही म्हणायची सोय उरली नसती." ती पुढे म्हणाली, "तुमचं मी समजू शकले, बाबा. तुम्ही घाबरट आहात, पहिल्यापासून. मला आईचं वाईट वाटत होतं. एवढी महिनाभर आजारी, आणि शेवटच्या दिवशी तिला एकदाही वाटलं नाही की पोरीशी बोलावं. मी काय केलं होतं, हेच शोधत बसले मी."

आपण बायकोचा एक फोन चोरला, एवढंच ओझं काका तीन वर्षं वाहत होते. त्याच चोरीत पोरीचंही काही गेलं असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अगं," ते म्हणाले, "अगं वेडे, तिनेच तर सांगितलं होतं. सकाळी उठल्या उठल्या. लेकीला फोन लावा म्हणाली. मी म्हटलं लागत नाही. थोड्या वेळाने परत म्हणाली. मी विचारलं, काय एवढं महत्त्वाचं बोलायचंय? तर म्हणाली, बोलायचं काही नाही हो, तिला नुसतं हॅलो म्हणू दे, तेवढं ऐकायचंय मला."

पलीकडे ती रडत होती. एकेक हुंदका न सांडता, न तुटता, काकांच्या कानापर्यंत पोहोचत होता. भिंतीवरचे ठिपके छताला लागले होते आणि एक छोटा ठिपका काकांच्या फोन धरलेल्या हातावर टेकला होता. आज पहिल्यांदाच त्यांना फोन ठेवून द्यावासा वाटत नव्हता.

बऱ्याच वेळाने लेकीने नाक ओढलं.

"बाबा, आई शेवटी काय म्हणाली ते परत सांगा बघू," ती म्हणाली. "मध्येच तुटलं."

कुठेही काही तुटलं नव्हतं. काकांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून परत सांगायला सुरुवात केली.