पारखून घेतलेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. पँटीला लावतात तसला नव्हे. समुद्रावर पतंगाच्या जोराने फळीवरून घसरत जाण्याचा एक खेळ आहे, त्याला काइटसर्फिंग म्हणतात. त्यात खोलीएवढा पतंग आभाळात असतो आणि माणूस खाली पाण्यावर फळीवर उभा असतो. पतंगाची ओढ इतकी असते की नुसत्या हातांना ती पाच मिनिटेही पेलवत नाही. ती ओढ हातांऐवजी कमरेवर यावी म्हणून माझ्यासारखा पट्टा बांधतात. माझ्या पुढच्या बाजूला पोलादी आकडा असतो, त्यात पतंगाच्या दांड्याची कडी अडकते. लोक मला हार्नेस म्हणतात. नवापूरच्या किनाऱ्यावर मात्र मी पहिल्यापासून पट्टाच.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. मला इथे आणले ललितने. ललित पालघरचा. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तो हा खेळ शिकला आणि चार वर्षांपूर्वी नवापूरला पत्र्याची एक खोली घेऊन शिकवू लागला. त्याच्याकडे शिकणाऱ्यांसाठी दोन पट्टे होते. एक काळा, चकचकीत, अरुंद, नुसता कमरेभोवती बांधायचा. दुसरा मी. मी करडा आणि रुंद. मला दोन्ही मांड्यांभोवतून जाणारे दोन बंद आहेत. त्यामुळे मला घालून माणूस जरा बोजड दिसतो. एकाने तर मला तान्ह्या मुलाच्या लंगोटाची उपमा दिली, आणि तेव्हापासून मला कोणी हात लावेना. काळा पट्टा रोज पाण्यावर जायचा. मी खोलीच्या कोपऱ्यात पडून राहिलो. पहिला हंगाम असाच गेला.

दुसऱ्या वर्षी कीर्ती आली.

कीर्ती गावातलीच. तिचे वडील रामा तांडेल, स्वतःची होडी असलेले मच्छीमार. आई हिरा, सरावलीच्या शिवणकामाच्या कारखान्यात बरीच वर्षे काम केलेली. कीर्ती सव्वीस वर्षांची होती आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती. पहिली पाळी तीन वाजता सुटली की चार वाजता ती किनाऱ्यावर हजर. वाऱ्याची दिशा तिला सांगावी लागत नसे. लहानपणापासून तिने ती वडिलांच्या शिडाकडे बघून ओळखलेली होती. ललितने तिला दोन्ही पट्टे दाखवले. तिने काळा उचलला. ललितनेही तोच बरा म्हणून सांगितले. मी कोपऱ्यातून बघत होतो.

पहिल्या आठवड्यातच मला कळून चुकले. ती पाण्यातून परत आली की काळा पट्टा कमरेवर नसायचा, बरगड्यांवर चढलेला असायचा. ती तो खाली ओढायची, आणखी घट्ट बांधायची, आणि पुन्हा जायची. बरगड्यांखाली तिला निळे वळ उठले होते. खोलीत कपडे बदलताना ती आरशात बघायची आणि सदरा पटकन खाली ओढायची. घरी तिने कोणाला सांगितले नाही. मित्रांनो, मला त्या वेळी बोलता येत असते तर मी एवढेच म्हटले असते की दुखणे हा या खेळाचा भाग नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी वारा अचानक वाढला. कीर्ती किनाऱ्यापासून बरीच आत होती. पतंगाने तिला फळीवरून उचलून पाण्यात आपटले आणि ओढत नेले. अशा वेळी दांड्याजवळची लाल मूठ पुढे ढकलायची असते. मूठ ढकलली की कडी सुटते आणि पतंग गप्प पडतो. पण काळा पट्टा काखेपर्यंत वर सरकला होता आणि बाजूला फिरलाही होता. जिथे मूठ असायला हवी तिथे ती नव्हती. कीर्तीचा हात पाण्यात चाचपडत राहिला. पतंग तिला किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांपर्यंत फरफटत घेऊन गेला आणि तिथे अडकला, म्हणून ती वाचली.

पालघरच्या डॉक्टरांनी बरगडीला तडा गेल्याचे सांगितले आणि सहा आठवडे विश्रांती दिली.

किनाऱ्यावर बोलणे झाले की पोरीच्या अंगात तेवढी ताकद नाही. ललितलाही मनातून तसेच वाटले. त्याने तिला समजावले की हा खेळ सगळ्यांना जमतोच असे नाही, त्यात कमीपणा नाही. रामा तांडेल यांनी दोन वाक्यांत विषय संपवला.

"आता पुरे झाला. नोकरी हाय, ती कर."

कीर्तीने वाद घातला नाही. पण मानलेही नाही. सहा आठवडे ती रोज किनाऱ्यावर येऊन बसत होती आणि दुसऱ्यांच्या कमरेकडे बघत होती. कोणाचा पट्टा वर जातो, कोणाचा जागेवर राहतो, हे ती एका वहीत लिहून ठेवत होती. तिच्या लक्षात आले की ललितची कंबर आणि छाती यांत फारसा फरक नाही. काळा पट्टा त्याला बसत होता म्हणून त्याने तो सगळ्यांना दिला होता.

सहा आठवडे सरल्यावर एका संध्याकाळी होडी वाळूवर ओढायची होती. रामांनी दोर कमरेला गुंडाळला आणि मागे रेटा दिला. कीर्ती बघत होती. हे तिने शेकडो वेळा पाहिले होते, पण विचारले त्या दिवशी. दोर इतक्या खाली का बांधता, पोटावर का नाही?

"पोटावर बांधला तर ओढ लागली का वर सरकतो," रामा म्हणाले. "बरगडीत बसतो, श्वास कोंडतो. कमरेच्या हाडाच्या खाली बांधायचा. तिथं भार पायात उतरतो."

कीर्ती धावत जाऊन काळा पट्टा घेऊन आली आणि वडिलांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. दोन्ही हातांनी ताणला.

"ह्याला खाली धरून ठेवणारा काय हाय?" त्यांनी विचारले.

तसे त्याला काहीच नव्हते. रामांनी तो लेकीच्या हातात परत दिला. मग म्हणाले, "म्हणजे तुझी ताकद कमी नवती."

त्याच संध्याकाळी ललितच्या खोलीतून मला बाहेर काढले गेले. माझ्यावरची धूळ कीर्तीने ओढणीने पुसली.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की मी लगेच तिला बसलो. तसे झाले नाही, आणि खरे सांगायला हवे. रामांच्या जाळी ठेवायच्या पडवीत एक जाड तुळई आहे. तिला त्यांनी कप्पी आणि दोर बांधला, खाली जुन्या जाळ्यांचा ढीग रचला. कीर्तीने आधी काळा पट्टा घातला आणि आकडा दोराला अडकवून लटकली. चौथ्या मिनिटाला तो बरगड्यांवर होता. मग माझी पाळी आली. मी मांड्यांच्या बंदांमुळे वर सरकलो नाही. भार तिच्या कमरेवर आणि बसायच्या जागी नीट वाटला गेला. पण मी कमरेला दोन बोटे सैल होतो आणि माझ्या बंदांची कडा मांडीत रुतत होती. वीस मिनिटांनी ती उतरली तेव्हा तिथे लाल रेघा होत्या.

"हा पण टोचतो," ती म्हणाली.

बाजूला उभ्या असलेल्या ललितने सांगितले, पहिल्यांदा सगळेच टोचते, सवय होईल. कीर्तीने मान हलवली. ती म्हणाली, "एकदा सवय करून बघितली, दादा. आता नाय."

तेवढ्यात हिराबाई पडवीत आल्या. या खेळाला त्यांचा सगळ्यांत जास्त विरोध होता. लेकीचे वळ त्यांनी दवाखान्यात पहिल्यांदा पाहिले होते आणि तेव्हापासून त्या ललितशी बोलत नव्हत्या. त्यांनी मला हातात घेतले. बोटांनी माझी कडा चाचपली, आतली शिवण पाहिली.

"ही किनार दुमडलीच नाय," त्या म्हणाल्या. "घासणार नाय तर काय?"

त्या मला घरी घेऊन गेल्या. ललितने मागून जाऊन एवढेच बजावले की भार घेणारी जाड पट्टी कापायची नाही, तिला सुईसुद्धा लावायची नाही. हिराबाईंनी ते ऐकले. तीन दिवस मी त्यांच्या मशीनशेजारी होतो. पोहण्याच्या एका फाटक्या पोशाखाचे मऊ रबरी कापड घेऊन त्यांनी माझ्या बंदांना आतून गादी लावली. कमरेच्या आत एक जाड अस्तर बसवले, त्यामुळे माझा सैलपणा गेला.  प्रत्येक टाका त्या दोनदा ओढून पाहत होत्या.

पुन्हा पडवी, पुन्हा दोर. या वेळी रामांनी मला आधी बादलीत बुडवले. कोरडा पट्टा बसतो, ओला बसेल असे नाही, हे त्यांना जाळ्यांवरून माहीत होते. ओला झाल्यावर मी थोडा सैल पडलोच. कीर्तीने बंद दोन घरे आवळले, खोल श्वास घेऊन पाहिला, वाकून पाहिले, आणि अर्धा तास लटकून राहिली. मी जागचा हललो नाही. माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदा वाटले की मी कुणाच्या तरी मापाचा आहे.

पण रामा एवढ्यावर थांबणारे नव्हते. त्यांनी ललितकडून दांडा मागवला, लाल मुठीसकट, आणि तो दोराला बांधला. कीर्तीला डोळे मिटून लटकायला लावले. ते तिला गोल फिरवायचे, अचानक तोंडावर बादलीभर पाणी मारायचे आणि म्हणायचे, "सोड." तिचा हात मुठीवर जायला हवा. मूठ ढकलली की ती धपकन जाळ्यांवर पडायची. पहिल्या दिवशी तिला मूठ सापडेपर्यंत रामांचे सातपर्यंत मोजून झाले. आठवड्याने तीन. मग एक. कामावरून येऊन रोज पंधरा वेळा ती पडत होती. कोपरे सोलवटली, केसांत जाळ्यांचे धागे अडकले, पण ती पुन्हा दोर धरून उभी राहायची. मी तिच्या कमरेला होतो. ती घाबरलेली असायची हे मला कळायचे आणि तरी ती डोळे मिटायची, तेही कळायचे.

एप्रिलच्या एका दुपारी आम्ही पाण्यात उतरलो. रामा छातीभर पाण्यात उभे होते. हिराबाई वाळूवर होत्या, पाठ समुद्राकडे करून. पतंग वर गेला, ओढ आली आणि ती सरळ माझ्यात उतरली. कीर्तीचे हात हलके झाले. ती एकदा गेली, वळली, परत आली. दुसऱ्यांदा गेली. तिसऱ्या फेरीला दक्षिणेकडून पाण्यावर काळी रेघ धावत येताना दिसली. वाऱ्याचा झोत आला. फळी पायाखालून निसटली आणि आम्ही दोघे हवेत उचलले गेलो, मग पाण्याखाली. खारे पाणी, अंधार आणि माझ्यावर सगळी ओढ. मी तिच्या हाडांना धरून राहिलो. आकडा जिथे असायला हवा तिथेच होता. तिचा हात आला आणि मूठ पुढे गेली.

ओढ संपली. पतंग दूर पाण्यावर निपचित पडला.

कीर्ती वर आली, खोकली आणि पतंग गोळा करत चालत किनाऱ्याला लागली. रामा तिथवर पोचले होते. त्यांनी तिच्या बरगडीकडे पाहिले.

"दुखला काय?"

"नाय."

"मग पतंग पहिला वाळत घाल. ओला गुंडाळू नको," ते म्हणाले आणि होडीकडे निघून गेले. घरची परवानगी तिला अशी मिळाली.

त्यानंतरचे दोन हंगाम मी कीर्तीकडेच होतो आणि ते माझे सुखाचे होते. प्रत्येक वेळी ती मला गोड्या पाण्याने धुवायची आणि सावलीत वाळवायची. उन्हात कधी ठेवले नाही. ललितनेही आपली पद्धत बदलली. नव्याने येणाऱ्याला आता तो आधी पडवीत पाठवतो. एकदा उमरोळीहून आलेल्या एका शिक्षिकेने हौसेने काळा पट्टा मागितला. ललितने तिला तो दिला नाही, हे मी स्वतः ऐकले आहे.

यंदाच्या मार्चमध्ये कीर्ती नवापूरपासून शिरगावपर्यंत पाण्यावरून एकटीने जाणार होती. बरोबर रामांची होडी. कारखान्यातल्या मैत्रिणी आल्या होत्या, गावातली माणसे जमली होती. पतंग फुगवून तयार. वारा तर इतका चांगला की ललित हसत होता. कीर्तीने मला बांधण्याआधी नेहमीप्रमाणे उलटे केले आणि अंगठ्याने शिवण दाबत गेली. आकड्याच्या पट्टीखाली तिचा अंगठा थांबला. तिथले टाके मिठाने खाल्ले होते. तीन तुटले होते, चौथा लोंबत होता.

मला ते मागच्या फेरीपासूनच ठाऊक होते, मित्रांनो. मी सांगू शकत नव्हतो.

ललितने पाहिले आणि म्हणाला की एवढी एक फेरी निघेल. मागे कुणीतरी कुजबुजले की पोरगी घाबरली. कीर्तीने लोकांकडे पाहिले, समुद्राकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी होते. तिने पतंगातली हवा सोडली.

"आज नाय," ती म्हणाली. "हा फाटला तर मी कोणाला धरू?"

रामांनी होडीचा नांगर परत टाकला. 

दुसऱ्या दिवशी तिने माझा पोलादी आकडा काढला आणि कातरीने पुढचा बंद कापला, कुणी चुकून मला घालून पाण्यात जाऊ नये म्हणून. मला दुखले नाही. पुढच्या महिन्यात नवा, पारखून घेतलेला पट्टा बांधून ती शिरगावला पोचली. मी तिथे नव्हतो. मी पडवीत खुंटीवर होतो आणि ती गोष्ट मला हिराबाईंच्या तोंडून ऐकायला मिळाली. शेजारणीला सांगताना त्या या वेळी समुद्राकडे तोंड करून उभ्या होत्या.

मित्रांनो, तुमच्या अंगावर बांधायची कोणतीही वस्तू घ्याल, मग ती हेल्मेट असो, बूट असो की दप्तर, ती आधी घालून बघा, ओली करून बघा, तिच्यात वेळ काढून बघा. टोचले तर तसे सांगा, लाजू नका. ती टोचते म्हणजे तुम्ही कमी पडलात असे नाही. तिला धुवा, सावलीत ठेवा, तिची शिवण बोटांनी चाचपत राहा. आणि तिचे दिवस संपले की तिच्यावर कितीही जीव असला तरी तिला खुंटीवर ठेवा. आमच्यासारख्यांना त्याचा राग येत नाही. आम्हाला भीती एकाच गोष्टीची असते. ज्या माणसाला धरून ठेवायला आम्ही जन्मलो, ते माणूस आमच्या हातून सुटण्याची.