काळजाची चरबी

शामला म्हणजे शेवग्याची शेंग. लग्नाला तीस वर्षं झाली, तरी माहेरची पोलकी अंगात सैलच. म्हणूनच सिटी सेंटरच्या डॉक्टरीणबाई, हृदयाभोवती चरबी साचलीय, असं म्हणाल्या तेव्हा तिला हसूच आलं.

"हाडांवर नाही, ती काळजावर कुठून आली हो?"

"बारीक माणसांतही असते. हृदयाला चिकटून बसते, सूज आणते, ठोक्यांची लय बिघडवायला हातभार लावते. तुमची बिघडलीच आहे. अशात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत गेली, तर अर्धांग. आधी कधी छातीचा स्कॅन झालाय?"

"दोन वर्षांपूर्वी, खोकला हटत नव्हता तेव्हा. नॉर्मल होता. ह्यांनीच आणला रिपोर्ट."

"तो आणा."

घरी तिचे यजमान लक्ष्मीकांतराव म्हणाले, "रद्दीत गेला असेल," आणि पेपरात तोंड घातलं.

मग ती एकटीच इंदरगंजला गेली, स्कॅन झाला होता तिथं. काउंटरवरच्या मुलीनं कागद छापून दिला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "आंटी, दिल के आसपास चर्बी लिखी है. धड़कन की जाँच कराने को कहा था. अंकल को समझा दिया था, ये उनके साइन."

तारीख चौदा ऑक्टोबर. बारा ऑक्टोबरला सासूबाईंच्या, शांताताईंच्या, खुब्याचं हाड मोडलं होतं.

परतीच्या टेम्पोत शामलाला दोन वर्षं आठवत राहिली. सासूबाईंना उचलायचं, कुशीवर वळवायचं, न्हाऊ घालायचं. मधेच छातीत धडधड झाली की भिंतीला टेकायचं. सासूबाई म्हणायच्या, "चरबी चढली का गं तुला?" नवऱ्याला सांगावं तर तो म्हणे, "वहम आहे तुझा." तिनं त्याचीच ओवी केली होती, सासूबाईंचे पाय चेपताना म्हणायची:

काळजाचं पाखरू बाई आत फडफडे
धन्याला सांगू गेले, म्हणे वारं आहे थोडे

पलीकडच्या खोलीतून लक्ष्मीकांतराव "वा!" म्हणायचे. सगळं ठाऊक असून वा म्हणायचे.

घरी येऊन तिनं कागद त्यांच्या पेपरावर ठेवला. त्यांनी तो ओळखला.

"तुला घाबरवायचं नव्हतं गं."

"तारीख वाचा."

वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मग आईला कोण उचलणार होतं? तूच सांग ना!"

इतक्या भोळेपणानं विचारलं त्यांनी, की तिला रडूही येईना.

आतून हाक आली, "शामले! कधीची बोलावतेय! चरबी चढली का तुला?"

"हो आई, चढलीय!" शामला तिथूनच म्हणाली. "काळजाला. तुमच्या लेकाला दोन वर्षांपासून ठाऊक आहे."

 शामला तिथंच पाटावर बसली, हात छातीवर ठेवून. पाखरू फडफडत होतं, थांबत होतं, पुन्हा फडफडत होतं.

बऱ्याच वेळानं लक्ष्मीकांतरावांची खुर्ची कुरकुरली. ते उठले. आईला उचलताना हात नेमके कुठं घालायचे असतात, हे त्यांनी दारातून वळून विचारलं.

तिनं सांगितलं नाही.