मार्च महिन्याचं हाउसिंग

माझ्या दिराला, डेल्बर्टला, लोखंड वाचता येतं. माणूस वाचता येत नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

माझ्या नवऱ्याची, लाइलची, फुप्फुसं निकामी झाली होती. नाकात ऑक्सिजनची नळी होती आणि मनात एकच इच्छा उरली होती. एकोणसत्तर सालची त्याची शेव्हेल, म्हणजे शेवरलेट कंपनीची, आमच्या बोलीत शेवी, जी त्यानं तरुणपणी शर्यतीत पळवली, तिच्यात बसून गावाबाहेरच्या शर्यतीच्या जुन्या धावपट्टीपर्यंत एकदा जाऊन यायचं. गाडी डेल्बर्टच्या कोठारात होती. "नव्यासारखी करतो आणि मग तुला नेतो," असं त्यानं कबूल केलं होतं. रंग झाला, इंजिन झालं, सीटसुद्धा झाल्या. घोडं अडलं ते मागच्या एक्सलपाशी.

मागच्या दोन चाकांच्या मधे एक आडवं लोखंडी हाउसिंग असतं, मधोमध भोपळ्यासारखं फुगलेलं, पोटात गिअर. शेवीचं मूळ हाउसिंग लाइलनं एका शर्यतीत फोडलं आणि त्या जागी फोर्डचं बसवलं, स्वतः वेल्डिंग करून. आमच्या ओहायोत शेवीवाले आणि फोर्डवाले एका चर्चमध्ये बसतात, तेवढीच त्यांची सोयरीक. "सवत आणलीस ती आणलीस, तीही फोर्डवाल्यांच्या घरची," असं लोक लाइलला चिडवत. तो हसायचा आणि पहिला यायचा.

डेल्बर्टनं सगळ्यात आधी ते फोर्डचं काढून कोपऱ्यात टाकलं. मग मूळच्यासारखं शोधत गावोगावच्या जुन्या सामानाच्या बाजारांत फिरला. मे महिन्यात त्यानं आम्हाला बोलावलं. लाइलला चाकाच्या खुर्चीतून आत नेलं. पुठ्ठ्यावर एक हाउसिंग ठेवलं होतं.

"झाकणाचे बोल्ट बारा," डेल्बर्ट म्हणाला. "एक्सलच्या नळीवरचा शिक्का बरोबर. पण ही तारीख बघ."

लाइल वाकला. ओतकामातच उठवलेलं एक अक्षर होतं. "A म्हणजे जानेवारी, B फेब्रुवारी," तो पुटपुटला. "हे F. जून."

"आणि गाडी बनली एप्रिलात."

"म्हणजे लेक आधी आणि आई मागून," लाइल म्हणाला.

मला राहवलं नाही. "गाडीखाली वाकून कोण बघणार आहे?"

"जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक बघतो," डेल्बर्ट म्हणाला. "पाठीवर झोपून, हातात आरसा घेऊन आत सरकतो."

"लाइलला परीक्षकाच्या मांडीवर बसून जायचंय का?"

लाइलनं मला हातानं थांबवलं. "डेल, माझं फोर्डचंच लाव परत. एक फेरी मारू, मग काढून टाक."

"फोर्ड लावून तुला गावातून नेऊ? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, लाइल आला."

डेल्बर्ट त्या अक्षरावरून बोट फिरवत राहिला. मी म्हटलं, "मग हे जूनचं तरी लाव." तेव्हा मात्र दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "जूनचं लावलंस तर मलाच झोप लागायची नाही," लाइल म्हणाला, आणि दोघे भाऊ हसत सुटले, लाइलला ढास लागेपर्यंत. एकाच माळेचे मणी. मला दोघांचाही संताप आला.

घरी येताना लाइलनं विचारलं, "फोर्डचं लाव म्हणालो ना मी? ऐकलं का त्यानं?"

"ऐकलं," मी म्हटलं.

त्यानंतर डेल्बर्टचा फोन आला की लाइल तेच विचारायचा, आणि डेल्बर्ट सांगायचा की केंटकीत एकाकडे आहे म्हणतात, थोडा धीर धर. ज्याला जिना चढायला दम पुरत नव्हता त्याला हा धीर धर म्हणत होता. मी फोन हिसकावून घेऊन शिव्यासुद्धा दिल्या. "त्याच्यासाठीच करतोय ना मी, आर्लीन," तो म्हणाला. ते त्याला खरंही वाटत होतं.

लाइल ऑगस्टमध्ये गेला. दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं. मी बटाटे वाढत होते. डेल्बर्ट ताटली घेऊन जवळ आला आणि कानाशी वाकला.

"सापडलं, आर्लीन. C. चौदा मार्च. डाग नाही की भेग नाही." मग त्यानं ताटली टेबलावर ठेवली. "लाइलला सांगायचं राहून गेलं." तो खरंच रडला. त्याचं रडणं खोटं असतं तर मला बरं वाटलं असतं.

सप्टेंबरात प्रदर्शन होतं. मी गेले, कारण लाइलची गाडी होती. परीक्षक आरसा घेऊन खाली सरकला, बराच वेळ तिथेच राहिला, आणि बाहेर येऊन त्यानं डेल्बर्टचा हात हातात घेतला. पहिल्या नंबरची फीत मिळाली.

"चल," मी म्हटलं, "आता मला तरी धावपट्टीपर्यंत ने. लाइलच्या जागी मी बसते."

डेल्बर्ट अवघडला. "हिला आता रस्त्यावर नाही काढायची, आर्लीन. खालून सगळी मळेल. ट्रेलरवर घालून आणली, तशीच न्यायची." मग माझी समजूत काढायला म्हणाला, "पण बघ तरी, कारखान्यातून निघाली त्या दिवशी होती तश्शी आहे. कुणी हात लावल्याची एक खूण उरलेली नाही."

"हो," मी म्हटलं. "त्या दिवशीही लाइल तिच्यात बसलेला नव्हता."

त्यानं ऐकलं की नाही, कोण जाणे. तो ट्रेलरचे पट्टे आवळत होता.