म्हाताऱ्याचा एजंट

ज्या वर्षी धाकट्या नणंदेचं दोनदा मोडलेलं लग्न एकदाचं लागलं, त्या वर्षी मोठ्या सुनेने आठवडाभर रजा घेतली. ती रेडिओ केंद्रात सर्व्हर सांभाळायची. सगळ्या सर्व्हरांचा माल डिस्कांच्या एकाच मोठ्या कपाटात असे. "हा कप्पा माझा, मी जिवंत आहे," असं कपाटाला सांगत राहायला प्रत्येक सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम असे. त्याचं नाव एजंट. नातेवाइकांना वाटे, ही विमा विकते.

सगळ्यात जुन्या सर्व्हरला कचेरीत म्हातारा म्हणत. सासऱ्यांनी उभ्या नोकरीत रेडिओवर वाचलेल्या गोष्टी त्याच्याच कप्प्यात होत्या. घशाच्या ऑपरेशननंतर सासऱ्यांचा आवाज उरला होता तो तेवढाच. म्हाताऱ्याला नवा एजंट मानवत नसे, आणि जुना मधूनच गप्प पडे. मग कचेरीतल्या देखरेखीच्या पडद्यावर लाल दिवा. सूनबाई रोज त्याला उठवून बसवायची.

साहेबांना लाल रंगाचं वावडं. त्यांचा फोन आला तो नेमका लग्नाच्या जेवणात.

"बाई, म्हातारा पुन्हा लाल झालाय. काढून टाकू?"

"म्हाताऱ्याला हात लावाल तर याद राखा!" ती ओरडली. सगळे पाहुणे घास थांबवून सासऱ्यांकडे बघायला लागले.

साहेब शब्दाचे पक्के. म्हाताऱ्याला त्यांनी बोटही लावलं नाही, फक्त त्याचा एजंट काढला. पडदा हिरवागार झाला, वरून शाबासकी आली. एजंट नाही म्हटल्यावर कपाटाने कप्पा बेवारस ठरवला. साहेबांनी तो पुसून नव्या सर्व्हरला दिला आणि त्यात 'माहितीची सुरक्षितता' या विषयावरचं स्वतःचं भाषण ठेवलं. बॅकअप होता की! शेजारच्याच कप्प्यात, म्हाताऱ्याच्याच नावावर. तोही बेवारस निघाला आणि पुसला गेला.

"सर्व्हर जागेवर आहे ना?" ती परतल्यावर साहेबांनी छातीठोकपणे विचारलं.

होता. रिकामा, पण ठणठणीत.

घरी तिने सगळं सांगितलं, भाषणासकट. सासऱ्यांनी अंथरुणातूनच तिला खुणेने जवळ बोलावलं. मग कुजबुजले, "सूनबाई, ते भाषण लाव. माझ्या जागी कोण बसलाय, बघू तरी."

तिने लावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"'श' आणि 'स' एकच करतो गाढव," ते म्हणाले आणि कूस बदलली.

त्याच वर्षी, नणंद पहिल्यांदा माहेरपणाला येऊन गेली, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात सासरे वारले.