बाहेरचं नाव

"आर्डिस, ब्रिएलनं प्रोग्रामचं घर कसं लख्ख झाडून काढलंय बघ!" कर्ट साहेब संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवत म्हणाला. "तुझी ती जुनीपुराणी नावं गेली एकदाची."

"बघते ना," आर्डिस म्हणाली. तोंडात ब्रिएलनंच घरून करून आणलेला लेमन बार होता. मेला छान झाला होता, म्हणून जास्तच आंबट लागला.

अमेरिकेतल्या डलुथ शहरातल्या वृद्धाश्रमांच्या स्वयंपाकघरांना कुणाचं काय पथ्य ते कळवणारा, जावा या संगणकभाषेतला हा प्रोग्राम आर्डिसनं उभा केलेला. सगळी उमेद त्यात गेली. आणि ही कालची पोर येऊन मालकीण! कर्टची कॉफीसुद्धा आता हिच्या टेबलाशी.

ब्रिएलनं 'गेट-डाएट' या मेथडचं, म्हणजे पथ्य काढून देणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्याचं, नाव 'गेट-मील-नोट' केलं होतं. दिसायला झकास. पण जावाची एक रीत आहे. माहिती दुसऱ्या यंत्राला पाठवायला जेसॉन नावाच्या साच्यात बसून बाहेर निघाली, की मेथडच्या नावातलं 'गेट' गळतं आणि उरलेलं नाव चिठ्ठीसारखं तिला चिकटतं. आतलं नाव बदललं, की चिठ्ठीही बदलली. स्वयंपाकघरातला पडदा मात्र 'डाएट'चीच चिठ्ठी शोधणार. आर्डिसला हे एका नजरेत दिसलं.

ब्रिएलचं काम तपासून पास करणं तिच्याकडेच होतं; 'पड तोंडावर,' असं मनाशी म्हणत तिनं मंजुरी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आचारीण वँडाचा फोन. "अगं बाई, पथ्याचा रकाना कोरा! शेंगदाणे कुणाला चालत नाहीत, मला काय स्वप्न पडणार? ताटं अडवून बसलेय, म्हातारे माझ्या नावानं शंख करताहेत!"

कर्ट ब्रिएलवर कडाडला. पोरगी पांढरीफटक पडली.

"आर्डिसनी तपासलं होतं," ती पुटपुटली. "त्यांनी हो म्हटलं, म्हणून मी निर्धास्त होते."

"सुटलं असेल तिच्या नजरेतून," कर्टचा आवाज मऊ झाला. "वय होतं माणसाचं."

आर्डिसला ते झोंबलं. दुष्ट म्हणा, पण म्हातारी?

"सुटलं नाही. दिसलं होतं मला."

आर्डिसनं खुर्ची ओढली आणि मेथडच्या डोक्यावर एक ओळ लिहिली: बाहेर हिला 'डाएट'च म्हणा. आत ब्रिएलचं नाव तसंच राहू दिलं.

"आलं गं आलं!" वँडा फोनवर ओरडली.

दुपारी ब्रिएलचं नवं काम तपासणीला लागलं. तपासणाऱ्याच्या जागी आता आर्डिसऐवजी कर्टचं नाव होतं.

लेमन बारचा डबा ब्रिएलच्या टेबलावर उघडाच होता. आर्डिस जाता जाता थांबली, झाकण नीट लावलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.